कंठीरवाची पश्चिम गॅलरी

बेंगळूरला गेलात तर कब्बन पार्कजवळच्या कंठीरवा स्टेडियममध्ये फुटबॉलचा एक सामना जरूर पाहा. प्रेक्षक आणि मैदान यांच्यामध्ये धावपट्टी आहे. पण पश्चिम गॅलरीतल्या चाहत्यांची आरोळी ती सहज ओलांडते. सायमन ग्रेसन यांनी २०२२ मध्ये बेंगळूर एफसीला ड्युरँड चषक जिंकून दिला. मार्च २०२३ मध्ये गोव्यात, फातोर्ड्याला, अंतिम सामना पेनल्टींवर गेला. पुढच्या मोसमात मात्र घडी विस्कटली. ८ डिसेंबरला मुंबई सिटीने कंठीरवावरच ४-० ने धूळ चारली आणि दुसऱ्या दिवशी ग्रेसन गेले. चाहत्यांचा राग रास्तच होता. पण प्रशिक्षक बदलूनही संघ दहावाच राहिला. ‘साकप्पा साकु’ म्हणत घरी गेलेला चाहता तरीही पुढच्या सामन्याला त्याच गॅलरीत येतो. संघ त्याचा असतो, प्रशिक्षक पाहुणा.