नाव पाठवणारा माणूस

आमच्या सामरवरणीत बर्फ दोनच ठिकाणी दिसतो. एक मच्छीवालीच्या खोक्यात आणि दुसरा नाताळात गोठ्याच्या छपरावर. त्यातला दुसरा कापूस असतो. तरी मी स्कीइंगवर लिहितेय. मंडळाच्या ग्रुपवर विषय टाकला तेव्हा तीन जणींनी हसण्याचे इमोजी पाठवले. ठीक आहे.

१३ फेब्रुवारी २०२२, रविवार. मी बारावीला होते. मिस्सा करून घरी आलो, मम्मी स्वयंपाकघरात गेली आणि पप्पा मोबाइल घेऊन ओट्यावर बसले. बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकला भारताचा एकच खेळाडू गेला होता, गुलमर्गचा आरिफ खान. त्या दिवशी त्याची जायंट स्लॅलम होती. उतारावर रोवलेल्या फाटकांना वळसे घालत खाली यायचं, दोन फेऱ्या, दोन्ही वेळांची बेरीज. मी व्हिडिओ नंतर पाहिला. बर्फ इतका पडत होता की पुढचं फाटक दिसायची मारामार. जवळजवळ निम्मे खेळाडू मध्येच बाहेर गेले. आरिफ ४५वा आला.

"पंचेचाळिसावा?" मी म्हटलं.

"खाली पोचला ना," पप्पा म्हणाले.

पप्पांच्या या आस्थेचं कारण माझा आतेभाऊ. तो दुबईत मॉलमध्ये नोकरीला आहे. तिथल्या एका मॉलच्या पोटात ४०० मीटरची बर्फाची उतरंड आहे, बाहेर वाळवंट आणि आत उणे तापमान. आरिफने बीजिंगच्या स्लॅलमची पात्रता तिथेच मिळवली, नोव्हेंबर २०२१ मध्ये. जायंट स्लॅलमची पुढच्या महिन्यात माँटेनेग्रोला. गुलमर्गच्या बर्फात वाढलेला मुलगा बर्फाचे गुण आणायला वाळवंटात जातो, हे मला तेव्हा विनोदी वाटलं होतं. आता वाटत नाही.

कारण स्कीइंगच्या जागतिक संघटनेचं गणित उलटं आहे. गुण जितके कमी तितका खेळाडू मोठा, आणि ते गुण फक्त अधिकृत शर्यतीतच मिळतात. अशी शर्यत भरवायची तर उताराची मोजणी करून तो मंजूर करून घ्यावा लागतो. कडेला जाळ्या लागतात, वेळ मोजायच्या दोन स्वतंत्र यंत्रणा लागतात, बाहेरून पंच बोलवावा लागतो. दुबईत डोंगर नाही, पण हे सगळं करणारी माणसं होती. आपल्याकडे हिमालय आहे आणि अशा शर्यती मोजक्याच. त्यात बर्फाचाही भरवसा उरलेला नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत गुलमर्गचे खेलो इंडिया हिवाळी खेळ बर्फाअभावी पुढे ढकलावे लागले, ते मार्चमध्ये झाले.

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. खेळाडू स्वतः जाऊन शर्यतीत नाव घालू शकत नाही. नाव संघटनेनेच पाठवावं लागतं.

इथे माझं सांगते. नववीत मी ४०० मीटर पळायचे, बरी पळायचे. पुढच्या स्पर्धेसाठी निवड झाली, फोटो दिले, जन्माचा दाखला दिला. माझं नाव पुढे गेलंच नाही. पप्पा कंपनीतून अर्धी सुट्टी टाकून एका ऑफिसात गेले. टेबलामागच्या माणसाने शांतपणे सांगितलं, "यादी काल गेली." माझा फॉर्म त्याच्याच टेबलावर, पेपरवेटखाली होता. पप्पांनी तो उचलला, घडी घातली आणि खिशात ठेवला. येताना मला भजी घेऊन दिली. त्या दिवसाबद्दल आमच्या घरात कोणी बोलत नाही.

म्हणून मला आरिफपेक्षाही सोचीची गोष्ट जास्त लागते. डिसेंबर २०१२ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना निलंबित झाली, भांडण निवडणुकांचं आणि पदाधिकाऱ्यांचं. फेब्रुवारी २०१४ च्या उद्घाटनाला आपले खेळाडू तिरंग्याशिवाय चालले, ऑलिंपिकच्या झेंड्याखाली. त्यांत अल्पाइन स्कीइंगचा हिमांशू ठाकूर होता. ११ फेब्रुवारीला निलंबन उठलं, खेळ चालू असतानाच. शर्यत त्याला भारताच्या नावाने खेळता आली, पण उद्घाटन काही परत होत नाही.

हिमांशूची बहीण आंचल. तिने जानेवारी २०१८ मध्ये तुर्कस्तानात ब्राँझ मिळवलं, स्कीइंगमधलं भारताचं पहिलं आंतरराष्ट्रीय पदक मानलं गेलेलं. तिचे वडील तेव्हा हिवाळी खेळांच्या फेडरेशनचे सरचिटणीस होते. यावर कोणी नाक मुरडेल. मला तसं करवत नाही. इतक्या छोट्या खेळात संघटना म्हणजे चार घरंच असतात. प्रश्न मला पाचव्या घराचा पडतो, ज्या मुलीचे वडील सरचिटणीस नाहीत, कंपनीत शिफ्ट करतात.

पैसा लागतोच. आरिफ पात्र ठरल्यावर सरकारने युरोपातल्या सरावाला आणि साहित्याला सुमारे साडेसतरा लाख मंजूर केले, चांगलं झालं. पण ते पात्र ठरल्यावर. त्याच्या आधीची वर्षं त्याने लोकांकडे मदत मागत काढली. २०१८ चं ऑलिंपिक पैशापायीच हुकलं.

यंदा कॉलेजच्या जिमखान्यात नावं पाठवायचं काम माझ्याकडे आहे. कोणी मागितलं नव्हतं, मीच सरांकडून घेतलं. गेल्या महिन्यात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी एफवायच्या एका मुलीचा फॉर्म अर्धाच आला, आधारची झेरॉक्स नाही. फोन लागेना. तिच्या गावात रेंज नाही म्हणे. शेवटी तिच्या शेजारच्या किराणावाल्याचा नंबर मिळाला, त्याने मुलाला सायकलवर पाठवलं, तिने टेकडीवर चढून फोटो पाठवला. जरा तिरका होता. पाचला सात मिनिटं कमी असताना मेल गेला. मी उत्तर येईपर्यंत तिथेच बसले. सरांनी दिवे बंद करायला सुरुवात केली तरी बसले. पाच वाजून वीस मिनिटांनी एका शब्दाचं उत्तर आलं, "मिळालं."