घरचीं पत्रें घरीं

पूर्वीच्या घरांत पत्रांची जागा ठरलेली असे. भिंतीवर तारेचा एक आंकडा लटकत असे, आणि आलेलें कार्ड सर्वांनीं वाचून झालें कीं त्याला टोंचलें जाई. आंकडा भरला म्हणजे तो गठ्ठा पत्र्याच्या ट्रंकेंत जाई. "दादांचें तें पत्र कोठें आहे?" असें कोणी विचारलें, तर घरांतील लहान मुलालाहि उत्तर ठाऊक असे. आज पत्रें पूर्वीहून अधिक येतात. पण तीं कोठें आहेत, असें सुशिक्षित कुटुंबांत विचारून पाहावें. बहुतेक जण खिशांतील फोनकडे बोट दाखवितील.

खरें पाहतां तीं आपल्या घरांत नसतातच. तीं परक्या कंपनीच्या यंत्रांत असतात व आपणांस केवळ दाखविलीं जातात. गूगल कंपनीनें 2023 च्या मे महिन्यांत जाहीर केलें कीं, दोन वर्षें न वापरलेलीं वैयक्तिक खातीं त्या डिसेंबरापासून, आंतील मजकुरासह, काढून टाकण्यांत येतील. यांत अन्याय झाला असें आम्ही म्हणत नाहीं. जागा ज्याची, नियम त्याचे. परंतु ठेव आपली असेल तर तिची काळजी आपणच वाहिली पाहिजे.

आमच्या कुटुंबाचें एक सामाईक खातें आहे. धाकटे काका टोरोंटोस असत. 2004 सालापासून बहुतेक दर रविवारीं त्यांचें पत्र त्या खात्यावर येई. त्यांत तेथील बर्फाचें वर्णन असे, मेतकुटाचें प्रमाण विचारलेलें असे, मुलांच्या परीक्षांची चौकशी असे, आणि गांवच्या घराचें छप्पर शाकारण्यास पैसे पाठविल्याचा हिशेबहि असे. गेल्या वर्षीं काका वारले. तेरावा झाल्यावर आजीनें आम्हांस जवळ बसवून एकच गोष्ट विचारली, "त्याचीं पत्रें राहतील ना रे?" या प्रश्नाला खात्रीनें "हो" म्हणतां यावें, एवढ्यासाठीं आम्हीं घरच्या संगणकावर थंडरबर्ड नांवाचा टपालाचा जुना प्रोग्रॅम बसविला.

मोझिलाच्या या प्रोग्रॅमची पहिली पूर्ण आवृत्ति 7 डिसेंबर 2004 रोजीं निघाली. त्याच्याहि आधींचा यूडोरा. तो 1988 मध्यें स्टीव्ह डॉर्नर यांनीं इलिनॉय विद्यापीठांत लिहिला, आणि टपालकचेरींत राहावयास गेलेल्या एका बाईची गोष्ट लिहिणाऱ्या यूडोरा वेल्टी या अमेरिकन लेखिकेचें नांव त्याला दिलें. नांव गोड खरें; पण गूगलनें 30 मे 2022 पासून केवळ खात्याचें नांव व पासवर्ड सांगून बाहेरच्या प्रोग्रॅमला आंत घेणें बंद करण्यास आरंभ केला, आणि ओळख पटविण्याची नवी रीत मूळच्या यूडोराला ठाऊक नाहीं. थंडरबर्ड वयानें जुना असला तरी ही रीत शिकलेला आहे.

येथें एक बारकावा ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. टपाल आणण्याच्या दोन पद्धति आहेत. 'पॉप' पद्धतींत पत्र कचेरींतून उचलून घरीं आणलें जातें. 'आयमॅप' पद्धतींत मूळ पत्र कचेरींतच राहतें व घरीं त्याचें प्रतिबिंब दिसतें; कचेरींतून तें पुसलें गेलें तर घरचें प्रतिबिंबहि जातें. म्हणून आयमॅप ठेवूनहि आम्हीं काकांचीं सर्व पत्रें थंडरबर्डमधील 'लोकल फोल्डर्स' या भागांत उतरवून घेतलीं. त्या भागावर कचेरीची सत्ता चालत नाहीं. तेथें एका फोल्डरचीं सारीं पत्रें सामान्यतः एकाच फाईलींत, एकापुढें एक, साध्या मजकुराच्या रूपांत राहतात. मराठी पत्र त्या फाईलींत पुष्कळदां रोमन चिन्हांच्या वेषांत दिसतें, कारण टपालाच्या सोयीसाठीं देवनागरीच्या एकेका चिन्हाचीं चार रोमन चिन्हें केलेलीं असतात. परंतु हा वेष उतरविण्याचा नियम जगजाहीर आहे. उद्यां थंडरबर्ड नाहींसा झाला तरी दुसरा कोणताहि प्रोग्रॅम तीं पत्रें वाचूं शकेल.

राहिला प्रश्न 'डिफॉल्ट'चा. या शब्दाचा अर्थ आजीस सांगणें मुळींच कठीण गेलें नाहीं. दारांत पाहुणा आला आणि कोणी कोणास कांहींच सांगितलें नाहीं, तरी पाण्याचा तांब्या घेऊन कोण पुढें होतें, तें प्रत्येक घरांत ठरलेलें असतें. संगणकांतहि एखाद्या पत्त्यावर बोट दाबलें असतां कोणी पुढें व्हावें हें ठरवून ठेवावें लागतें. विंडोजच्या 'सेटिंग्ज'मध्यें 'ॲप्स', त्यांत 'डिफॉल्ट ॲप्स' उघडून थंडरबर्ड निवडावा, व 'मेलटू' या नांवापुढें त्याची नेमणूक करावी. काम दोन मिनिटांचें आहे. पण त्यावांचून नवा प्रोग्रॅम अडगळींत पडला असता. ज्या पेटीचें झांकण रोज उघडतें तीच पेटी घरांत वापरांत राहते.

आमच्या पुतण्यानें आक्षेप घेतला. "काका, कंपनीच्या यंत्रांतल्या पत्रांच्या अनेक प्रती असतात. आपल्या घरीं एकच डिस्क. ती बिघडली म्हणजे?" मुलाचें म्हणणें रास्त होतें. म्हणून थंडरबर्डचें 'प्रोफाईल' फोल्डर दर महिन्यास बाहेरच्या डिस्कवर उतरविण्याचें काम त्याच्याकडेच सोंपविलें आहे, आणि तो तें विनातक्रार करतो. कंपनीकडील खातेंहि आम्हीं मोडलेलें नाहीं. तेथील प्रत असूं द्यावी, पण तिच्यावरच विसंबून राहूं नये.

पत्रें उतरवून होतांच आत्याबाईंनीं त्यांची प्रत मागितली, मग थोरल्या काकांनीं, मग टोरोंटोच्या काकूंनीं. एकत्र कुटुंबांतील प्रत्येक वस्तूची केव्हांतरी वाटणी होते, आणि भांड्यांपासून जमिनीपर्यंत जें तें तुकड्यांनींच हातीं येतें. काकांच्या पत्रांचा मात्र ज्यानें त्यानें संपूर्ण हिस्सा नेला, आणि आजीच्या वांट्याला एकहि पत्र कमी आलें नाहीं.