गुणपत्रक पालकांच्या हाती

खो-खोच्या मैदानाबाहेर उभे असलेले पालक दोनच गोष्टी ओरडतात. पळतीच्या मुलाला ‘पळ!’ आणि पाटीवर बसलेल्याला ‘ऊठ!’ दोन्ही सल्ले मुलाचं नुकसान करतात. खो मिळण्याआधी बसलेला गडी उठला, तर पंच फाऊल देतात. आणि उतरल्या क्षणापासून जीव खाऊन धावणारा पहिल्या मिनिटातच दमतो. आक्रमकाला मध्य पाटी ओलांडता येत नाही, एकदा घेतलेली दिशाही मध्येच बदलता येत नाही. संरक्षकाची साखळी, म्हणजे बसलेल्या गड्यांमधून नागमोडी पळणं, उभी राहते ती या दोन बंधनांवर. किती धावलास यापेक्षा कुठे वळलास, हे तिथे मोलाचं.

इतकी वर्षं मुलांना खो-खो शिकवल्यावर माझं मत ठाम झालं आहे. ओरडणाऱ्या पालकांना मैदानाबाहेर काढू नये, त्यांना काम द्यावं. आणि सगळ्यांत आधी गुणलेखन शिकवावं.

संरक्षणाला तिघातिघांच्या तुकड्या उतरतात. कोण किती मिनिटं, किती सेकंद टिकलं, कोणाला कोणी टिपलं, सूर मारून की खांबावर, हे सगळं त्या त्या क्षणी लिहावं लागतं. हातात पेन्सिल आणि नजर घड्याळावर असली, की आपल्याच मुलाकडे बघत बसता येत नाही. नऊच्या नऊ गडी बघावे लागतात. ‘सर, आमच्या मुलीला पहिल्या तुकडीत का नाही पाठवत?’ असं विचारणाऱ्या एक आई सराव सामन्यांचं गुणलेखन करू लागल्या. काही दिवसांनी त्यांचा प्रश्न बदलला. ‘हिने अचूक वेळी खो दिला म्हणून पुढचीला गडी मिळाला. ते कुठे लिहायचं?’

गुणपत्रकात त्याला रकाना नाही. गुण टिपणाऱ्याच्या नावावर पडतो. गडी कोंडीत आणणाऱ्या आधीच्या खोंची नोंद होत नाही. किशोर गटात, म्हणजे 14 वर्षांखालच्या मुलामुलींत, नेमकी असे खो देणारी मुलं हिरमुसून खेळ सोडतात. आम्ही आता त्यासाठी वेगळी वही ठेवतो आणि ती पालकच भरतात. अट एकच: स्वतःच्या मुलाची नोंद दुसऱ्याने करायची.

दुसरं काम मातीचं. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या महाराष्ट्राच्या कर्णधारांनी पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत भारताला विजेतेपद मिळवून दिलं. त्यानंतर चौकशीला येणारे पालक वाढले याचा मला मनापासून आनंद आहे. पण तो विश्वचषक मॅटवर झाला. आमची मुलं मातीत सूर मारतात. एक खडा राहिला तरी गुडघा फुटतो. पावसाळा संपला की खडे वेचणं, पाणी मारून माती दाबणं, फक्कीने पाट्या आखणं ही कामं चार-सहा पालकांनी मिळून केली, तर मुलं निर्धास्त झेपावतात. चुनकळी मात्र वापरू नका. झेपावणाऱ्याच्या डोळ्यांत गेली तर इजा करते.

तिसरं काम सोबतीचं. बाहेरगावच्या स्पर्धेला मुलींच्या संघाबरोबर दोन आया हव्यातच. यावर मी चर्चाही करत नाही.

1914 साली पुण्यात डेक्कन जिमखान्यावर या खेळाचे नियम बांधले गेले. तेव्हापासून गावोगावची मंडळं टिकली ती संध्याकाळी विनामोबदला मैदानावर येणाऱ्या माणसांमुळे. त्यांतले बरेच जण आता थकले आहेत. तुमचं मूल खो-खो खेळत असेल, तर त्याला मैदानावर सोडून परत फिरू नका. प्रशिक्षकांकडून कोरं गुणपत्रक मागून घ्या आणि पहिला डाव लिहून बघा. चुकलात तर ते सांगतील.