आदल्या दिवशीची माणसं

आमच्या घराण्यात बोटीला वेळेवर जाणारा माणूस झालाच नाही. सगळे आदल्या दिवशी जाणारे. आजोबा तसे, वडील तसे, मीही तसाच. बायको याला घाबरटपणा म्हणते. मुलगी न्यू जर्सीला राहायला गेल्यापासून याच गोष्टीला 'अँग्झायटी' म्हणते.

अलास्काच्या क्रूझचं ठरलं तेव्हा जावयांनी सगळा हिशोब मांडून दाखवला. जहाज सिअ‍ॅटलहून दुपारी चारला सुटणार. नेवार्कचं विमान भल्या पहाटेचं. प्रवास सहा तासांचा, पण तिकडचं घड्याळ तीन तास मागे, त्यामुळे दहाच्या आत सिअ‍ॅटलला उतरतोय. "बाबा, सहा तास हातात आहेत. एका रात्रीच्या हॉटेलचे पैसे कशाला घालवायचे?" मी चहा संपवला आणि म्हणालो, "आदल्या दिवशी जाऊ." मुलीने नवऱ्याकडे बघून मान हलवली. आमचं मालवण अमेरिकेपर्यंत येऊन पोचलंय हे तिला कळलं होतं.

मालवणला बोट धक्क्याला लागायचीच नाही. बंदर खडकाळ. ती बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावातून तिच्यापर्यंत जात. म्हणजे बोटीची वेळ एक आणि पडावाची वेळ दुसरी. पडावाची वेळ भरतीवर. आजोबांना त्यासाठी टाइमटेबल लागत नसे, पंचांग पुरे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पुनवेला सव्वाअकरा, थोडं इकडेतिकडे. भरती साधली तर पडाव पार काठाशी येतो, चुकली तर ट्रंक डोक्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून चाला. एवढं करून बोट येईलच असं नाही. खाली वेंगुर्ल्याला माल चढवताना उशीर झाला, वारा फिरला, तर भोंगा कधी ऐकू येईल ते सांगता येत नसे. मग सगळं गाव बंदरावर बसून. कोणी भाकरी सोडलेली, कोणी शेजाऱ्याच्या मुलीचं लग्न जमवायला घेतलेलं. "बोट काय आमच्या वाटेर बसाची नाय, आमीच तिच्या वाटेर बसाक व्हया," असं आजोबा म्हणत. त्यात तक्रार नसे.

मुंबईकडून निघताना आदल्या दिवसाचं कारण वेगळं होतं. भाऊच्या धक्क्यावर वडील लवकर जात ते जागेसाठी. डेकच्या तिकिटाला नंबर नव्हता. चटई ज्याने आधी अंथरली त्याची जागा. त्यातही वडिलांचं शास्त्र होतं. आईला बोट लागायची, म्हणून जागा हवी ती बोटीच्या मधोमध, कारण टोकांपेक्षा मध्ये हेलकावा कमी. इंजिनाच्या उष्म्यापासून लांब, कठड्यापासून आत, आणि दुपारी उन्हाची तिरीप येणार नाही अशी. एवढ्या अटी पुऱ्या करायच्या तर धक्क्यावर रात्र काढणं भाग. मे महिन्यात 'कोकण सेवक' किंवा 'कोकण शक्ती'ला चाकरमान्यांची जी झुंबड उडे ती बघितलेल्या माणसाला यात अतिशयोक्ती वाटणार नाही. वळकटीवर बसून, मासळीच्या वासात, फिरकीच्या तांब्यातलं पाणी पुरवून पुरवून प्यायचं. मला त्या रात्री आवडत. शाळा संपलेली, गाव अजून आलेलं नाही, आणि वडील कधी नव्हे ते काहीच काम नसलेले.

पुढे ती बोट बंद पडली. एसटी होतीच, 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, आणि तिथीची पाऊणपट करायची कुणाला गरज उरली नाही.

बंदरावर थांबणं हा प्रवासाचाच भाग आहे, हे पूर्वी कुणाला पटवून द्यावं लागत नसे. 1888 मध्ये गांधीजी विलायतेला जायला म्हणून मुंबईत आले, तर स्नेह्यांनी त्यांच्या भावाला सांगितलं की पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, मुलाचा पहिलाच प्रवास, आत्ता धाडू नका. भाऊ त्यांना मुंबईत ठेवून राजकोटला परतले. गांधीजी निघाले 4 सप्टेंबरला. पुढच्या काळातही विलायतेच्या प्रवाशाची काळजी कुणीतरी वाहत होतं. बॅलार्ड पिअरला धक्क्याला लागूनच मोल स्टेशन होतं. बोटीच्या हंगामात फ्रंटियर मेल तिथून पेशावरला सुटे. बोट आणि गाडी एकमेकींना धरून चालत. एकीला उशीर झाला तर दुसरीला त्याची खबर असे.

आज विमान कंपनीला जहाजाचं सोयरसुतक नाही आणि जहाजाला विमानाचं. मधला सांधा म्हणजे आपण. जावयांच्या हिशोबात सगळ्या वेळा बरोबर होत्या, पण त्या वेगवेगळ्या मालकांच्या होत्या. शिवाय चारला सुटणाऱ्या जहाजाचं दार चारला बंद होत नाही. प्रवाशांची पक्की यादी सुटण्याच्या तासभर आधी अमेरिकी सरकारकडे जावी लागते. त्यामुळे बऱ्याच कंपन्या तास-दीड तास आधीच चढणं थांबवतात. सहा तासांतले दीड तास इथेच गेले.

बरं, चुकलंच जहाज, तर पुढच्या बंदरावर गाठू, असं कुणी म्हणेल. इथे 1886 चा एक कायदा आडवा येतो. परदेशी झेंड्याच्या जहाजाने एका अमेरिकी बंदरात प्रवासी घेऊन दुसऱ्या अमेरिकी बंदरात उतरवायचा नाही. वाटेत दूरचा परदेश लागला तरच चालतं, आणि शेजारचा कॅनडा त्यात धरत नाहीत. बहुतेक क्रूझ जहाजं परदेशी झेंड्याचीच. सिअ‍ॅटलला चढून सिअ‍ॅटललाच उतरणाऱ्याला वाटेतलं कॅनडाचं व्हिक्टोरिया पुरतं. म्हणूनच ही जहाजं तिथे संध्याकाळी काही तासांपुरती थांबतात आणि आमच्यासारख्यांना त्यासाठी कॅनडाचाही व्हिसा काढावा लागतो. पण अलास्कातल्या केचिकनला चढून सिअ‍ॅटलला उतरतो म्हटलं की ते कायद्यात बसत नाही. हे सांगितल्यावर जावईबापूंनी निमूटपणे हॉटेल शोधायला घेतलं.

आदला दिवस मजेत गेला हे सांगायलाच हवं. पाइक प्लेस मार्केटमध्ये मासे हवेत फेकणारे कोळी बघत बायको अर्धा तास उभी होती. भाव विचारून आली, आणि तिच्या मते रावसाला तोड नाही. दुसऱ्या दिवशी मला सकाळीच धक्क्यावर जायचं होतं. मुलीने अडवलं, आणि तिचं खरं होतं. फार आधी जाण्यातही अर्थ नसतो. जहाज त्याच पहाटे आधीच्या फेरीहून परत आलेलं असतं. हजारो माणसं उतरायची, खोल्या झाडायच्या, भाजीपाला चढवायचा. म्हणून प्रत्येकाला चढायची वेळ नेमून देतात. आधी गेलात तर हातातलं सामान सांभाळत ताटकळा. मोठ्या बॅगा हमालाच्या हवाली केल्या की त्या संध्याकाळी खोलीच्या दाराशी येतात, त्यामुळे रक्तदाबाच्या गोळ्या खांद्यावरच्या पिशवीत.

चढल्यावर पहिलं काम म्हणजे संकटात कुठे जमायचं ते बघून घेणं. जॅकेट कसं बांधायचं ते एक फिलिपिनो मुलगी दाखवत होती. 13 जानेवारी 2012 ला इटलीच्या जिल्यो बेटापाशी कोस्ता कॉन्कॉर्डिया खडकावर गेली, तेव्हा त्याच संध्याकाळी चिव्हिताव्हेक्कियाला चढलेल्या प्रवाशांची ही कवायत झालीच नव्हती. नियम चोवीस तासांच्या आत घ्या असा होता, आणि ती दुसऱ्या दिवशी ठेवली होती. 32 माणसं गेली. 2015 पासून नियम बदलला: सुटण्याआधी, नाहीतर सुटल्याबरोबर. बायकोने जॅकेटची पट्टी ओढून बघितली आणि म्हणाली, "रामदास बोटीवर हे असतं तर." 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ती बोट. सहाशेच्या वर माणसं बुडाली. तिचं माहेर अलिबागकडचं, तिकडच्या घरांतून ती गोष्ट अजून जुनी झालेली नाही.

अलास्कातल्या जूनोला मात्र मला घरी आल्यासारखं वाटलं. तिथे भरती-ओहोटीत पाणी दोन पुरुष वर-खाली होतं. सकाळी जवळजवळ सपाट असलेली उतरायची शिडी परतताना चांगलीच चढाची झाली होती. वर गेल्यावर पाहिलं तर कठड्याशी गर्दी. एक जोडपं हातात पिशव्या घेऊन धक्क्यावरून धावत येत होतं आणि वरून लोक टाळ्या वाजवत होते. त्या दोघांना शिडीवर घेतलं. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, मला त्यांच्यासाठी घाम फुटला होता.

आता बायकोला बॅलार्ड पिअरहून लक्षद्वीपची क्रूझ करायची आहे. ती सुटते त्या दिवशी रविवार. आम्ही डोंबिवलीला राहतो, मध्ये मेगाब्लॉक. जावयांनी फोनवर आपण होऊन विचारलं, "बाबा, आदल्या दिवशी जाताय ना?" मी गिरगावातल्या मेहुणीला कळवलं. ती म्हणाली, "एक दिवस आधी येऊन काय करणार? शुक्रवारीच या, बाजारात हलवा चांगला मिळतोय."