किरकोळ

महसूल खात्यात तीस वर्षे, आणि त्यांतली बहुतेक तहसील कचेरीतल्या एकाच खिडकीशी, अव्वल कारकून म्हणून काढल्यामुळे माझ्या अंगी दोन सवयी कायमच्या मुरल्या होत्या: कोणताही कागद नोंदीवाचून पुढे सरकू द्यायचा नाही, आणि पुढ्यात आलेले ताट रिकामे केल्यावाचून उठायचे नाही. पहिलीचे श्रेय एका जुन्या, करड्या शिरस्तेदारांकडे जाते. दुसरीचे वसुलीच्या हंगामातल्या दौऱ्यांकडे. दारात जीप उभी, साहेबांना पुढचे गाव गाठायची घाई, आणि पाटलांच्या ओसरीवर मांडलेल्या पंगतीत आग्रहाने वाढलेले नाकारावे तर यजमानाचा उपमर्द, अशा पेचातून सुटण्याचा एकच मार्ग मला सापडला होता, तो म्हणजे दहा मिनिटांत सगळे फस्त करणे. चोपन्नाव्या वर्षी माझे वजन १२८ किलो भरले. अकरा वर्षांचा मधुमेह होता, आणि रात्री नाकावर मुखवटा चढवून श्वास पुरविणारे यंत्र उशाशी घरघरत असे.

नोव्हेंबर २०१७ मध्ये पुण्यात माझ्यावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. जठराचा सुमारे पाऊण भाग कापून काढतात, आणि उरलेल्या भागाची केळ्याएवढी अरुंद नळी राहते, जिच्यात साधारण १०० ते १५० मिलिलिटर अन्न मावते. साताऱ्यास परतल्यावर भेटीस आलेल्या प्रत्येकाने "काय, चरबी काढली म्हणे?" असे विचारले. चरबीला कोणी हातही लावलेला नाही, हे पहिल्या आठदहा जणांना सविस्तर समजावल्यावर मी तो नाद सोडला.

डॉक्टरांनी एक गोष्ट मात्र मला बजावून सांगितली होती आणि मी ती अर्धवटच ऐकली. जठराच्या वरच्या फुगीर भागात घ्रेलिन नावाचे, भूक चेतविणारे द्रव्य मुख्यत्वे तयार होते. तो भागच काढल्यामुळे भूक मंदावते, हे मी ऐकले. ही मंदावलेली भूक म्हणजे वर्ष-दीड वर्षाची मुदत समजा, आणि तेवढ्या मुदतीत सवयी कायम करून घ्या, हे त्यांचे पुढचे वाक्य मी कानाआड केले. हंगामी नेमणुकीचा हुकूम हाती पडलेला उमेदवार आपण कायम झालो असे समजून पेढे वाटतो, तशातला तो प्रकार झाला.

पहिले दोन आठवडे नुसते पातळ: वरणाचे निवळ पाणी, ताकाची निवळी, मग दूध. त्यानंतर मऊ, गुरगुट्या अन्नाची पाळी आली तेव्हा किती वाढायचे असा प्रश्न उभा राहिला. पत्नीने कपाट धुंडाळून आमच्या मुलीच्या उष्टावणाची चांदीची वाटी काढली आणि औषधाच्या तीस मिलिलिटरच्या मापाने पाणी ओतून ती मोजली. चार मापांत वाटी काठोकाठ भरली. त्या दिवसापासून ती माझे ताट झाली. आहारतज्ज्ञ बाईंनी नेमून दिलेला क्रम असा, की दिवसाकाठी निदान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जायची असल्यामुळे आधी घट्ट डाळ, उकडलेले अंडे किंवा पनीर, मग भाजी, आणि जागा उरलीच तर भाकरीचा चतकोर. जेवताना पाणी नाही, जेवणानंतरही अर्धा तास नाही. ताकभाताशिवाय जेवण संपले असे ज्याला जन्मात कधी वाटले नाही, त्या माणसाला ही शेवटची अट किती जाचली असेल, ते देशावरच्या वाचकांस निराळे सांगायला नको.

पण सर्वांत कठीण काम होते सावकाश जेवण्याचे. घास बोराएवढा, तो पुरता चावून होईपर्यंत चमचा खाली. पत्नी समोर बसे आणि माझा हात वाटीकडे वळला, की वर न पाहता म्हणे, "अहो, चमचा खाली." दिवसातून शेकडो वेळा. पाचव्या महिन्यात (केस मूठमूठ गळत होते ते याच सुमारास; पुढे ते पुन्हा आले) पुतण्याच्या लग्नात ती दुसऱ्या पंगतीची व्यवस्था पाहण्यात गुंतली होती, आणि शेजारच्या एका जुन्या मामलेदारांशी जमिनीच्या एका वादग्रस्त फेरफाराबद्दल बोलण्याच्या भरात मी मसालेभाताचे चार घास जुन्या चालीने गिळले. छातीच्या मधोमध कोणी खुंटी ठोकावी तशी कळ आली, तोंडात लाळेचा फेस दाटला, आणि मांडवामागे पाण्याच्या पिंपाशी, भरजरी फेट्यासह, मी बराच वेळ ओणवा उभा होतो. त्या प्रसंगाने मला चावायला शिकविले. पत्नीच्या शेकडो बजावण्यांना जे साधले नव्हते ते चार घासांनी केले.

२०१९च्या आरंभी वजन ८४ किलोवर आले. यंत्र बंद झाले, इन्सुलिन सुटले, अजिंक्यताऱ्याच्या चढावर चार भिंतींपर्यंत मी न थांबता जाऊ लागलो. कचेरीत सत्कार झाला. तिथे कंदी पेढे होते, आणि मी एकच, तोही अर्धा, खाल्ला.

२०२१ मध्ये मी सेवानिवृत्त झालो आणि पुढल्या वर्षभरात काटा हळूहळू ९३ वर गेला. मी चक्रावलो. जेवण तर वाटीभरच होते! पहिल्या दिवसापासून मी खाण्याची रोजकीर्द ठेवीत आलो होतो; ती काढून, जमाबंदीच्या तपासणीला बसावे तसा, एका दुपारी मी बसलो. पहिल्या वर्षाच्या वहीत वेळ, जिन्नस, परिमाण, सारे काही टाकाने कोरल्यासारखे. तिसऱ्या वहीत अधूनमधून "चहा व किरकोळ". पाचव्या वहीत जवळजवळ प्रत्येक पानावर दोनतीनदा "किरकोळ", आणि काही पानांवर दुसरे काहीच नाही.

ज्या माणसाने उभ्या हयातीत दुसऱ्यांच्या हिशेबांतील किरकोळ खर्चाच्या सदरावर लाल पेन्सिलीने खुणा केल्या, कारण अफरातफर झालीच तर ती तेथेच दडते हे त्याला ठाऊक होते, त्याने स्वतःच्या वहीत हे सदर उघडावे याची लाज त्या दुपारी मला खरोखर वाटली. त्यामागचे शास्त्र आहारतज्ज्ञ बाईंनी पुढे उलगडून सांगितले. भाकरी, उसळ, अंडे असे ठोस अन्न त्या अरुंद नळीत ठाण मांडून बसते आणि पुरे झाल्याची वर्दी देते. चहात बुडविलेले बिस्कीट, मूठभर चिवडा, पेढा, आइस्क्रीम ही मंडळी मात्र तिथे थांबतच नाहीत, घसरून पुढे जातात, आणि तासाभराने पुन्हा जागा मोकळी. म्हणजे शस्त्रक्रियेने पहारा बसविला होता तो राजमार्गावर. चोरवाट उघडीच होती, आणि निवृत्तीच्या रिकाम्या दिवसांत मी दिवसभर तिच्यातून ये-जा करीत होतो. गुरांच्या बाबतीत आपण याला चरणे म्हणतो.

त्याच तपासणीत दुसरा गैरकारभार उघडकीस आला. आयुष्यभर घ्यावयाच्या गोळ्यांपैकी कॅल्शियम व लोह यांत दोन तासांचे अंतर ठेवावे लागते. ते अंतर सांभाळण्याचा कंटाळा येऊन मी आधी लोह, मग बी-१२, मग सारेच तहकूब केले होते. बोटांना येणाऱ्या मुंग्या मी लिखाणाच्या जुन्या सवयीवर ढकलीत होतो. रक्त तपासले तर बी-१२ तळाशी गेलेले. ते भरून काढायला काही महिने इंजेक्शने घ्यावी लागली.

मग मी नवी वही घातली आणि "किरकोळ" हा शब्द त्यातून बाद केला. खाल्ले तर नाव लिहायचे, परिमाण लिहायचे, आणि बसून की उभ्याने तेही लिहायचे. "चिवडा, दोन मुठी, उभ्याने, डब्यातून" असे स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिताना हात आपोआप अडखळतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डब्याचे झाकण उघडण्याआधीच तो अडखळू लागला. उभ्याने काही खायचे नाही एवढा एकच नियम मी केला, कारण फार नियम केले की त्यांतून पळवाटा काढण्याचे काम मलाच उत्तम जमते. गोळ्यांची बारनिशी पत्नीने आपल्याकडे घेतली. वजन आज ८७ आहे. ८४ पुन्हा दिसले नाहीत, आणि डॉक्टरांनी त्याचा आग्रहही धरलेला नाही.

२०२३ मध्ये मुलगी नातवाच्या उष्टावणाकरिता ती चांदीची वाटी घेऊन गेली. वारसाहक्क तिचाच, त्यामुळे हरकत घेण्यास जागा नव्हती. तरी पाच-सहा वर्षांच्या त्या भांड्याऐवजी स्टीलची आमटीची वाटी पुढ्यात आली तेव्हा माझी नजर तिच्या काठाकडे गेली, आणि माझी नजर कुठे गेली तिकडे पत्नीची. तिने स्वयंपाकघरातून औषधाचे माप आणले. चार मापे पाणी ओतले, पाणी जिथवर आले तिथे नखाने खूण केली, आणि मग नेलपॉलिशची एक तांबडी रेघ ओढली. गेल्या दिवाळीत नातू माझ्या शेजारी पाटावर बसून आपल्या चांदीच्या वाटीतला मऊ वरणभात दोन्ही हातांनी खात होता. मी रेघेपर्यंत वाढलेले मूग खात होतो. त्याची वाटी माझ्या आधी संपली, आणि तो माझ्या वाटीकडे पाहू लागला.

"अहो," पत्नी म्हणाली, "त्याच्याकडे बघून घाई करू नका. चमचा खाली."