समर प्रोजेक्ट वारणेतच करा

दिवाळी जवळ आली की आमच्या वारणा खोऱ्यात दूध संस्थांकडून दूधदराचा फरक वाटला जातो आणि कारखान्यांचे बॉयलर पेटायला लागतात. एमबीएच्या दुसऱ्या वर्षाची मुलं याच दिवसांत समर प्रोजेक्टचा अहवाल बांधून विभागात जमा करतात आणि कॅम्पस मुलाखतींच्या तयारीला लागतात. मी व्यवस्थापन शिकवतो, मुलांच्या इंटर्नशिपचं आणि प्लेसमेंटचं कामही पाहतो. त्यामुळे हे अहवाल माझ्या टेबलावरून जातात, आणि पुढे मुलाखतीत त्यांचं काय होतं तेही मला दिसतं.

इकडच्या एमबीए अभ्यासक्रमात पहिलं वर्ष संपल्यावर उन्हाळ्यात साधारण दोन महिने प्रत्यक्ष कंपनीत काम करायचं असतं. फेब्रुवारी उजाडला की मुलांची धावपळ सुरू होते. "सर, पुण्यात कुणी ओळखीचं आहे का?" हा प्रश्न मी सगळ्यात जास्त ऐकतो. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा ही नावं कोडोली-पारगावच्या मुलांना पाठ असतात. मोठ्या भावाच्या नाहीतर मित्राच्या रूमवर राहायचं, एखाद्या कंपनीचं पत्र मिळवायचं आणि शेवटी सही-शिक्का घेऊन परत यायचं, असा बेत असतो. मोठ्या शहराची ओढ मला समजते. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी माणसानं बाहेर पडावंच. पण तिथं जाऊन मुलं काय करून येतात, हे पाहिलं की जीव तुटतो.

बऱ्याच जणांच्या वाट्याला विक्रीचं टार्गेट येतं. डीमॅट खाती उघडा, विमा पॉलिसी आणा, ॲप डाउनलोड करून घ्या. पहिली दहा खाती आई, वडील, मामा, आत्या यांची होतात आणि तिथं नातेवाईक संपतात. काही मुलं त्याहून वाईट फसतात. घरबसल्या ऑनलाइन इंटर्नशिप, शेवटी प्रमाणपत्र, आणि त्यासाठी फी मुलानंच भरायची! जो कामाचे पैसे द्यायच्या ऐवजी मागतो त्याच्याकडे काम नसतं, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो आणि इथंही लिहून ठेवतो. उरलेली काही मुलं जुना अहवाल मिळवतात, कंपनीचं नाव बदलतात आणि 'ग्राहक समाधानाचा अभ्यास' म्हणून बांधून आणतात. प्रश्नावली तीच, रंगीत वर्तुळंही तीच.

मुलाखत घेणारा अशा मुलाला पाच मिनिटांत ओळखतो. तो एवढंच विचारतो, "दोन महिने तू रोज सकाळी जाऊन काय करत होतास?" सीव्हीवर 'टीम प्लेअर' आणि 'मार्केटिंगची आवड' लिहिलेला मुलगा इथं गप्प होतो.

आता वारणानगर काय आहे ते बघू. तात्यासाहेब कोरे यांनी 1950 च्या दशकात या माळावर सहकारी साखर कारखान्याची उभारणी सुरू केली. 1968 मध्ये दूध संघ आला. शिवाय वारणा बाजार, बँक, शाळा आणि 1983 मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय. शेतातल्या उसापासून दुकानातल्या श्रीखंडापर्यंत अख्खी साखळी सायकलवरून हिंडून पाहता येईल इतक्या अंतरात आहे. अशी जागा देशात फार थोड्या ठिकाणी सापडेल. तिथं वाढलेला मुलगा मात्र व्यवसाय शिकायला दुसऱ्याच्या रूमवर गाद्या टाकून झोपतो.

याचं कारण मला वर्गात कळलं. वडील कारखान्याचे सभासद, आई डेअरीला दूध घालते. मुलाच्या लेखी हे सगळं 'घरचं' असतं. मॅनेजमेंट म्हणजे काचेच्या इमारतीत चालतं ते. म्हणून मी खेळत्या भांडवलाचा धडा ऊसबिलापासून सुरू करतो. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्रानं उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, 10.25 टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागं 355 रुपये ठरवली आहे. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर 15 टक्के व्याज. गाळप चार-पाच महिन्यांत उरकतं. साखर मात्र वर्षभर विकायची, तीही केंद्र महिन्याला कोटा देईल तेवढीच. मग चौदाव्या दिवशी देण्यासाठी पैसा आणायचा कुठून? गोदामातली साखर बँकेकडे तारण ठेवून. व्याज कोण सोसतं? साखरेचा दर पडला आणि बँकेनं मूल्यांकन खाली आणलं तर काय होतं? वडिलांचं बिल का अडकलं होतं, याचा उलगडा फळ्यावर होतो तेव्हा वर्गात जी शांतता पसरते, ती कुठल्याही परदेशी केस स्टडीनं आलेली मी पाहिलेली नाही.

एक अडचण खरी आहे. समर प्रोजेक्ट उन्हाळ्यात येतो आणि तेव्हा कारखाना बंद असतो. मुलं म्हणतात, "सर, गाळपच नाही, बघायचं काय?" पण कारखान्याचं व्यवस्थापन याच दिवसांत घडतं. पुढच्या हंगामाच्या ऊस नोंदी तपासायच्या असतात, तोडणी-वाहतुकीचे करार आणि मुकादमांच्या उचली याच काळात ठरतात, यंत्रांचं ओव्हरहॉलिंग चालू असतं, सुट्या भागांची खरेदी निघते. दिलेली उचल आणि प्रत्यक्ष आलेल्या टोळ्या यांचा मेळ एखाद्या विद्यार्थ्यानं गटवार लावून दाखवला, तर तो अहवाल शेती अधिकारी स्वतः मागून घेतील.

दुधात तर उन्हाळा म्हणजे ऐन कसोटी. जनावरांचं दूध आटतं, संकलन खाली येतं, आणि ताक, लस्सी, श्रीखंड, आइस्क्रीम यांची मागणी त्याच वेळी चढते. पुरवठा आणि मागणी उलट दिशांनी पळताना बघायची असतील तर एप्रिल-मेमध्ये डेअरीत उभं राहावं.

आमच्या एका विद्यार्थिनीनं तेच केलं. एका दूध संघाच्या वितरणावर तिनं प्रोजेक्ट घेतला होता. काही गावांतून आइस्क्रीमच्या तक्रारी येत होत्या. माल प्लांटमधून चांगला निघतो, गाडीतही चांगला राहतो, पण ग्राहकाच्या हातात पडतो तेव्हा त्यात बर्फाचे खडे असतात. ती वितरकाच्या गाडीत बसून पहाटेच्या फेऱ्या करायला लागली. दुकानं उघडायच्या वेळी फ्रीजरला हात लावून बघायची. तिच्या वहीत दुकानाचं नाव, वेळ, फ्रीजर चालू की बंद, आणि शेवटच्या रकान्यात दुकानदाराचं बोलणं जसंच्या तसं. त्या रकान्यातच उत्तर होतं. विजेचं बिल वाचवायला काही दुकानदार रात्री फ्रीजर बंद करत होते. माल रात्रीत मऊ पडायचा आणि सकाळी पुन्हा गोठायचा. तिनं उपाय सुचवला: अशा दुकानांना विजेपोटी थोडं जादा कमिशन द्यावं, नाहीतर तिथं आइस्क्रीम ठेवूच नये. दोन्हींचा खर्चही मांडून दाखवला. पुढे कॅम्पस मुलाखतीत पॅनलनं तिला सिद्धांतातलं फारसं विचारलंच नाही, सगळा वेळ फ्रीजरवर गेला. दुकानदार खरं बोलतील असं तुला का वाटलं, कमिशनचा आकडा कसा काढला, वितरकानं विरोध केला का? प्रत्येक प्रश्नाला तिच्याकडे एक दुकान होतं. निवड झाली, आणि पोस्टिंग पुण्याचंच मिळालं.

अशा कामाचं वारणेत आधीचं उदाहरणही आहे. 1998 मध्ये 'वायर्ड व्हिलेज' म्हणून वारणा खोऱ्यातल्या सुमारे 70 गावांना संगणकानं जोडण्याचा प्रकल्प आला. हवामान, बाजारभाव, शेतीसल्ला असं पुष्कळ काही शेतकऱ्यापर्यंत पोहोचवायचा मनसुबा होता. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या अभ्यासकांनी त्या संगणक केंद्रांवर बसून पाहिलं, तर लोक येत होते ते मुख्यतः उसाचं वजन, तोडीची परवानगी, बिल आणि खताची बाकी विचारायला. मग त्यांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवर एसएमएसनं तीच माहिती देऊन बघितली आणि ती व्यवस्था चालली. लोक खरोखर काय वापरतात हे बसून पाहणं, एवढंच त्या कामाचं मर्म. एमबीएच्या मुलाला दोन महिन्यांत करता येईल असंच ते काम आहे.

गावात राहून शिकायची रीत नवी नाही. धवलक्रांतीचे जनक व्हर्गिस कुरियन यांनी 1979 मध्ये आणंदला 'इर्मा' ही ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था काढली. तिथल्या मुलांना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून गावात जाऊन राहावं लागतं. आमच्या मुलांचं तर घरच गावात आहे.

सरकारी योजनांबद्दल पालक नेहमी विचारतात, म्हणून थोडक्यात सांगतो. 2024 मध्ये आलेली पंतप्रधान इंटर्नशिप योजना सुरुवातीच्या नियमांनुसार एमबीए झालेल्यांसाठी नव्हती आणि पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठीही नव्हती. त्याच वर्षी राज्यानं काढलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना 10,000 रुपये विद्यावेतन ठेवलं, पण तीही शिक्षण पूर्ण झालेल्यांसाठी. म्हणजे उन्हाळ्यातल्या दोन महिन्यांची सोय विद्यार्थ्यानं आणि कॉलेजनंच करायची.

इथं स्थानिक संस्थांचंही काही चुकतं, ते बोललं पाहिजे. आमचा मुलगा पत्र घेऊन गेला की त्याला एका खुर्चीवर बसवतात, जुन्या फाइली चाळायला देतात आणि शेवटच्या दिवशी शिक्का मारून देतात. आकडे मागितले की "वरून परवानगी नाही". शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत, इचलकरंजीच्या मागांवर, हुपरीच्या चांदीच्या धंद्यात मला हीच तक्रार ऐकू येते. मालकाला भीती वाटते की पोरगं हिशेब बाहेर सांगेल. ती भीती चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. पण त्यावर इलाज आहे. गोपनीयतेचा करार करा, आकडे निर्देशांकात द्या, अहवालात नाव छापू नका. आम्ही कॉलेजवाले त्याला एका पायावर तयार आहोत. विद्यावेतनाचंही तसंच. सातवे गावाहून आलेल्या मुलीचं एसटीचं भाडं आणि दुपारचं जेवण निघेल एवढं तरी द्या. ज्याला पैसे देतो त्याच्याकडून आपण काम मागून घेतो, आणि मुलांनाही तेच हवं असतं.

विद्यार्थ्यांना माझं सांगणं आहे की कंपनीचं नाव बघू नका, तिथला प्रश्न बघा. रोज संध्याकाळी वहीत एक पान लिहा, आणि ती वही मुलाखतीला घेऊन जा. पुण्या-मुंबईची नोकरी त्यानंतरही तिथंच आहे.

आणि हा लेख वाचणाऱ्या चेअरमन, कार्यकारी संचालक, फाउंड्रीमालक, दूध संस्थांचे सचिव या सगळ्यांना एक विनंती. तुमच्या धंद्यात असा एक तरी प्रश्न असेल, जो दोन वर्षं छळतोय आणि ज्याच्या मागं लागायला कुणाला वेळ नाही. तो मार्च संपायच्या आत एका कागदावर लिहून जवळच्या एमबीए विभागाकडे पाठवा. सोबत मुलानं कुणाला विचारायचं त्या एका माणसाचं नाव द्या. बाकीची तयारी आम्ही करून ठेवू.