मधाचा मान

मुलगी आता कॉलेजात जाते, तरी हा राग जात नाही. जन्मल्यावर तिच्या पोटात पहिल्यांदा दूध गेलंच नाही, मध गेला. जन्म पहाटेचा आणि मध दुपार कलल्यावर. कारण मधाचं बोट चाटवायचा मान मामाचा आणि मामा पुण्याहून एसटीने यायचा होता.

बाळंतपण माहेरी, साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावी. खासगी दवाखाना, ऐनवेळी सिझर. पुढचं सांगते.

पहिला मध जो चाटवतो त्याचे गुण बाळात उतरतात, असं आमच्याकडे मानतात. माझा भाऊ हुशार, शांत डोक्याचा, म्हणून माझ्या आत्याने त्यालाच नेमलेला. मी अर्धवट भुलीत. शेजारी पाळण्यात बाळ आधी मुठी चोखत होतं, मग रडायला लागलं, शेवटी रडून रडून निपचित झोपलं. आईने विचारून पाहिलं, "वन्सं, लावू का जरा अंगावर?"

"थांब गं वहिनी. पोटात काही गेल्यावर मध चाटवून काय उपयोग? आणि हिला आज कुठलं आलंय दूध? तिसऱ्या दिवशी येतं."

तेवढ्यात भावाचा फोन. खंबाटकी घाटात ट्रक बंद पडलाय, गाडी जागची हलत नाही. सगळे ट्रकवर चिडले, मध थांबवावा असं कुणाच्याच मनात आलं नाही. मला तर कुणी विचारलंच नाही. भाऊ आला, हात धुतले, अंगठी मधात बुडवून बाळाच्या ओठांना लावली. बाळ ती अंगठी सोडेना. सगळे कौतुकाने हसले. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं, आजही येत नाही.

मग आईने माझी छाती दाबून पाहिली. घट्ट, पिवळे थेंब आले. आत्या म्हणाली, "साचलेलं आहे ते, बाळाला जड जाईल, पिळून टाक." कापसाने पुसून टाकलं. याच आत्याच्या गोठ्यात गाय व्याली की वासराला चीक पाजायची कोण धांदल! चीक चुकला तर वासरू धरत नाही, हे तिनेच मला लहानपणी सांगितलेलं.

आत्या निदान चौथीपर्यंतच शिकलेली, पण दवाखान्यातले तर शिकलेले. संध्याकाळी नर्स आली, "सिझरच्या बाईला लगेच दूध येत नाही" म्हणाली आणि बाळाला बाटली लावून मोकळी झाली. डिस्चार्जच्या कागदावर पावडरच्या डब्याचं नाव औषधांच्या यादीत लिहिलेलं. या डब्यांची जाहिरात करायला, आयांना फुकट नमुने वाटायला १९९२च्या कायद्याने बंदी आहे. पण डॉक्टरांच्या अक्षरात नाव आलं की जाहिरात हवी कशाला?

सिझर झालं तरी आई शुद्धीवर असेल तर पहिल्या तासात बाळ अंगावर घ्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी लागतं ते जेमतेम चमचाभर, आणि चीक येतो तोही तेवढाच. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. पहिल्या तासात आईचं दूध मिळालेली बाळं मात्र ४१.८ टक्के. म्हणजे खोट एकट्या आत्यांची नाही.

खरं तर आत्यावर रागावण्याचाही मला पुरता हक्क नाही. घरी आल्यावर बाळ बाटलीला सोकावलेलं, मला धरेना. तेव्हा रात्र रात्र माझ्या पाठीला उशी लावून बसली ती हीच बाई. बाळाची हनुवटी धरून तोंड मोठं उघडायला लावायची, टाक्यांवर भार येऊ नये म्हणून त्याला माझ्या काखेतून धरायची. एका रात्री बाटली उचलून परसात फेकली. डब्याचं नाव लिहून देणाऱ्या दवाखान्यात हे दाखवायला कुणी आलं नव्हतं. मग राग धरू तरी कसा? तरी धरलाय.

दिवस गेलेल्या मुलींना एवढंच सांगते. मधाची हौस वर्षाच्या वाढदिवसाला भागवा. त्याआधी मधातल्या जंतूंमुळे बाळाला विषबाधा होऊ शकते. आणि तपासणीला नवऱ्याबरोबर घरातल्या त्या थोरल्या बाईलाही न्या, कारण घरात शब्द तिचा चालतो. तिच्यासमोरच डॉक्टरांना विचारा, सिझर झालं तर बाळ माझ्या अंगावर किती वेळात द्याल? उत्तर गुळमुळीत आलं, तर वेळ आहे तोवर दुसरा दवाखाना बघा.